हुबेहूब राखाडी

अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवून कुणी म्हणालं, "ताई, आवाज जरा उबदार करून द्या ना," की ताई चष्मा कपाळावर चढवून विचारायची, थंडी वाजते का. मखमली आवाज मागणाऱ्याला ती शेजारच्या शिंप्याकडे पाठवायची आणि दाणेदार मागणाऱ्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिच्या मते आवाजाचे प्रकार दोनच, येतो आणि येत नाही. मधूनमधून येतो असा तिसरा एक होता, आणि त्याच्यावरच तिचं पोट चालत होतं.

दुकान म्हणजे तीन मजली इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली. एका भिंतीला कमरेइतक्या उंचीचं कामाचं टेबल, त्यावर भिंग बसवलेला दिवा. समोरच्या भिंतीला बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून उचलून आणलेलं खणांचं कपाट. त्या खणांत काचेचे जुने व्हॉल्व्ह एकेका पायमोज्यात घालून झोपवलेले. खणांवर ‘खोकला’, ‘अपचन’ अशा जुन्या चिठ्ठ्या तशाच होत्या आणि खोकल्यात काय नि अपचनात काय हे एकट्या ताईला ठाऊक. गिऱ्हाइकासाठी खुर्ची एकच, तिचाही एक पाय आखूड. ताईने ती मुद्दाम दुरुस्त केली नव्हती. बसणारा तोल सावरण्यात गुंतला की कमी बोलतो.

छत्तीस वर्षं ती हे काम करत होती. गिटारवर एकही सूर वाजवता येत नव्हता, आणि गिटार वाजवणाऱ्यांबद्दलचं तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्या मताची सुरुवात घरातूनच झाली होती.

तिचा थोरला भाऊ, दादा, वय अडुसष्ट. दर रविवारी दुपारी नदीकाठच्या डान्स हॉलमध्ये तो पाच जणांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. तिथे निवृत्त जोडपी यायची, बुटांना पॉलिश करून, केसांना कलप लावून, आणि तीन ते सहा नाचायची. एकतीस वर्षं तोच कोपरा, तेच वाजवणारे (एक ड्रमवाला वारला, त्याच्या जागी त्याचा भाऊ आला), आणि दादाच्या पायाशी तोच अ‍ॅम्प. राखाडी.

राखाडी हे काही त्याचं खरं नाव नाही. खरं नाव लांबलचक, आकड्यांचं. पण त्याच्या तोंडावर करड्या रंगाचं कापड असायचं, म्हणून धंद्यात सगळे राखाडीच म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीने तो बनवणं बंद केलं. बनत होता तोवर लोक त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालत. बंद झाला आणि एकाएकी सगळ्यांना साक्षात्कार झाला की तसा आवाज पुन्हा होणे नाही. मग त्याच्यासारखे दुसरे निघाले. स्वस्त, महाग, मोठे, डब्याएवढे, प्रत्येकाच्या जाहिरातीत एकच शब्द: हुबेहूब. आणि हुबेहूब कुठला ते ठरवणारे व्हिडिओ. दोन अ‍ॅम्प, एक टोपीवाला आणि तासभर चर्चा. ती ऐकणारा ऐकतो कशावर, तर फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर. ताईला हे सांगताना शब्द पुरत नसत, म्हणून ती नुसती नाकातून श्वास सोडायची.

तर हा राखाडी जळला. दादाच्या पायाशी, चालू नाचात, धूर निघून.

ताईने तो उघडला आणि तिला पाच मिनिटांत कळलं. ट्रान्सफॉर्मर गेलेला, आणि स्पीकरची वायर खाली लोंबतेय. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालवला की तो स्वतःलाच भाजून घेतो. धंद्यातल्या कुणालाही माहीत असलेली गोष्ट. दादाने आदल्या दिवशी धूळ झटकायला ती वायर काढली होती आणि परत लावली नव्हती. आवाज येईना म्हणून शहाण्याने बटण पूर्ण फिरवलं होतं.

"वायर सुटलेली होती, दादा."

"तूच सोडली असशील. महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग केलंस ना?"

"मग मधले चार रविवार लोक कशावर नाचले?"

यावर दादा म्हणाला की बारकीला लहानपणापासून उलट उत्तरं द्यायची खोड आहे. ताई छप्पन्न वर्षांची होती, तिच्या हाताखाली शिकून दोन जणांनी स्वतःची दुकानं थाटली होती, पण दादासाठी ती बारकीच. आणि मग त्याने बँडमध्ये, हॉलमध्ये, बाजारात, जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली की बारकीने राखाडी मारला.

ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस शहरात एकच उरला होता, आणि त्याच्याकडे सहा महिन्यांची रांग होती. दादाला थांबायला सहा महिने नव्हते. हॉलच्या मॅनेजरने त्याला तीन रविवार दिले होते. दुसरा कुठलाही अ‍ॅम्प आण आणि वाजव, गिटार म्हणजे गिटार, असं मॅनेजरचं म्हणणं. दादाचं म्हणणं, त्या आवाजाशिवाय मी तारेला बोट लावणार नाही. मग मॅनेजरने सरळ सांगितलं की तिसऱ्या रविवारी खुर्ची रिकामी दिसली तर तिच्यावर दुसरा बसेल. दुसरा तयारच होता, एक तरुण मुलगा, ज्याच्या हातातल्या छोट्या डबीत म्हणे सत्तर अ‍ॅम्पचे आवाज होते.

वहिनीचे फोन सुरू झाले. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आत. "वन्सं, काहीही करा, पण याला घराबाहेर काढा." दोन रविवार दादा घरी बसला होता आणि त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले होते. वहिनीला आता हळद सापडत नव्हती. हसता हसता एकदा तिचा आवाज बदलला. म्हणाली, "रविवारी तीन वाजता तो कपडे करून बसतो हो. बूटसुद्धा घालतो."

ताईने फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडली, कारण तिला वाईट वाटलं होतं. दादाची खुर्ची गेली तर ती आपल्या नावावर जाणार, हेही तिला दिसत होतं. उरलेली सगळी वर्षं प्रत्येक जेवणाला ते वाढलं जाणार. म्हणून तिने ठरवलं की राखाडीसारखा वाजणारा अ‍ॅम्प शोधायचा. हे काम आजवर ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांना ती मूर्ख म्हणत आली होती.

पहिली पायरी, कानसेन. हा निवृत्त दंतवैद्य. घरात चाळीस अ‍ॅम्प, प्रत्येकावर शिवून घेतलेलं आवरण. धंद्यात त्याला कानसेन म्हणत ते चेष्टेने, पण त्याने ते कौतुक म्हणून स्वीकारलं होतं. त्याच्याकडे खराखुरा राखाडी होता. विकणार का, नाही. तीन तासांसाठी उसना, छे, छे. पण ऐकवायला तो आनंदाने तयार झाला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून इतक्या हळू आवाजात की गिटारच्या तारांचाच आवाज त्याहून मोठा होता. दादाने वाजवलं आणि कानसेनाने डोळे मिटून मान डोलावली. राखाडीत लाकूड ऐकू येतं, म्हणाला. नकलांमध्ये नुसती वीज.

ताई म्हणाली, बघू या की. तिने कानसेनाला पाठमोरं बसवलं आणि खरा राखाडी आणि त्याची एक नक्कल पाळीपाळीने चालू केली. पहिल्याच सुराला कानसेनाने बोट वर केलं. "हा. हे लाकूड. अंगावर काटा आला बघा."

काटा नकलेवर आला होता. तिची पेटी लाकडाची नव्हतीच, दाबलेल्या भुशाची होती. ताईने ते सांगितलं नाही. चहा प्यायली, दोन बिस्किटं खाल्ली आणि खाली उतरल्यावर जिन्यातच बसून इतकी हसली की दादाला तिला उठवावं लागलं. दादाला मात्र हसू आलं नाही. तो म्हणाला, "त्याला कळलं नाही म्हणून काय मलाही कळत नाही?"

मग अ‍ॅम्प येऊ लागले. ताईने आयुष्यभराच्या ओळखी खर्ची घातल्या. एक शाळेच्या वाद्यांच्या खोलीतून आला, एक लग्नात वाजवणाऱ्याकडून, एक अशा विधवेकडून जिला तो माळ्यावरून खाली निघाला याचाच आनंद झाला. आठवड्यात आठ. जुना स्पीकर शाबूत होता, तो काढून ताईने प्रत्येकात बसवला, म्हणजे निदान तेवढा भाग तरी खराच असावा. राखाडीची तिने वर्षानुवर्षं टिपून ठेवलेली मापं वहीत होती. त्यांच्याशी ताडून तिने एकेक अ‍ॅम्प जुळवला. पहिल्या दिवशी आलेला विधवेचा अ‍ॅम्प तर मीटरवर इतका तंतोतंत बसला की ताईने मीटरच तपासून पाहिला.

दादा रोज अकराला यायचा. गुडघे दुखतात म्हणून त्या डुगडुगत्या खुर्चीत बसायचा, टेबलावरच्या अ‍ॅम्पसमोर, गिटार मांडीवर घेऊन. चार सूर वाजवायचा, तेच चार सूर. आणि तोंड वाकडं करायचा.

"टोचतो."

दुसरा अ‍ॅम्प. टोचतो. तिसरा. हाही टोचतो. ताईने व्हॉल्व्ह बदलले, खोकल्यातले काढून अपचनातले घातले. टोचतो. पाचव्याला त्याने अर्ध्या सुरात हात उचलला, जणू चटका बसला. सहावा नव्या पद्धतीचा होता, ऐन जाहिरातीतला हुबेहूब. तो ऐकून दादा शिंप्याकडे जाऊन बसला आणि अर्धा तास परतलाच नाही.

सातव्याला ताईचा संयम सुटला.

"राखाडीही टोचायचा, दादा."

दादाने तारांवरून हात काढला. "काय म्हणालीस?"

"टोचायचा. मी दरवर्षी ऐकलाय, याच टेबलावर. सुई होती त्यात. चांगली लांब."

"तू ऐकलायस? तू दुरुस्त केलायस, बारके. फरक आहे. एकतीस वर्षं तो माझ्या पायाशी वाजलाय. लोण्यासारखा. धुरात बसून बसून कान भाजलेत तुझे."

हे तो शांतपणे बोलला, आणि म्हणूनच ते ताईला लागलं. एकतीस वर्षं तिने याच्या अ‍ॅम्पचं हाड न् हाड ओळखलं, आणि याने एकदाही तिला विचारलं नव्हतं, तुला कसा वाटतो. घरी टेबलावर ठेवून वाजवून पाहा म्हटलं, तर हॉलशिवाय वाजवणं त्याला अपमान वाटायचा. नेताना "झालं का?" आणि आणताना "बघ जरा," एवढंच दोघांचं संगीतावरचं संभाषण.

तिने जुना स्पीकर आणि गिटारची वायर पुन्हा विधवेच्या अ‍ॅम्पला जोडून तो मीटरवर परत ताडून पाहिला. मग आठव्याची पेटी उघडायला घेतली, आणि टेबलावर जागा हवी म्हणून विधवेचा अ‍ॅम्प उचलून खाली दाराजवळ जमिनीवर ठेवला. तो चालूच होता.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. वहिनी. दुकानात जिन्याखाली रेंज धड नसते म्हणून दादा गिटार गळ्यात तशीच अडकवून उठला आणि दाराशी उभा राहून बोलू लागला. बोलता बोलता, सवयीने, त्याची बोटं तारांवर फिरली. वाजवणाऱ्यांची ही खोडच, हात रिकामे ठेवता येत नाहीत. चार सूर. तेच.

दादा बोलायचा थांबला. फोनमधून वहिनी विचारत होती, मीठ कुठे ठेवलंय. त्याने फोन बंद केला.

"हा कुठला?"

ताईने मान वर केली. दादा उभा. अ‍ॅम्प त्याच्या पायाशी, तोंड त्याच्या गुडघ्यांकडे. दादाने पुन्हा वाजवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते ताईने हॉलमध्ये एकतीस वर्षं पाहिलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित पुढे. "हाच. हाच तो. बारके, हा तू आजवर लपवून का ठेवला होतास?"

ताईने सोल्डरिंग आयर्न त्याच्या स्टँडमध्ये ठेवलं. स्पीकरचा बारीक, टोचरा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो, वर चढत नाही, हे तिला पहिल्या वर्षी कळलं होतं. धंद्यात सगळ्यांनाच कळतं. इतकं कळतं की कुणी त्याचा विचार करत नाही. जो माणूस जन्मभर अ‍ॅम्पच्या वर उभा राहून वाजवतो, त्याने आपला आवाज समोरून कधीच ऐकलेला नसतो. तो ऐकतो गुडघ्यांतून परतलेलं उरलंसुरलं लोणी. सुया जातात समोर, नाचणाऱ्यांच्या कानात. आणि असल्या माणसाला तिने आठवडाभर खुर्चीत बसवून, कानाच्या उंचीवर अ‍ॅम्प मांडून विचारलं होतं, तसाच आहे का.

मूर्ख म्हणायला तिने आजवर पुष्कळ माणसं जमवली होती. त्यांत एकीची भर पडली.

गप्प बसता आलं असतं. अ‍ॅम्प सापडला होता, खुर्ची वाचली होती, तिच्या नावावरचा ठपका सुटला होता. पण भाजलेले कान अजून ताजे होते. तिने शिंप्याला हाक मारली.

"दादा, खुर्चीत बस. आणि वाजवत राहा. थांबू नकोस."

दादा बसला, वाजवू लागला. ताईने एका बाजूने आणि शिंप्याने दुसऱ्या बाजूने अ‍ॅम्प धरला आणि हळूहळू उचलला. गुडघ्याच्या वर आला, दादा हसत होता. मांडीच्या वर आला, त्याच्या भुवया जवळ आल्या. छातीशी आला तेव्हा त्याने एक सूर चुकवला. टेबलाला टेकला आणि स्पीकरवरचं कापड त्याच्या समोरासमोर आलं, तसा त्याने हात तारांवर सपाट ठेवून आवाज बंद केला.

शिंपी काहीतरी बोलणार होता. ताईने त्याला डोळ्यांनी दार दाखवलं.

"आठवतो का हा?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशीचा. तुझा पहिला ‘टोचतो’."

दादाने हात पुढे करून त्या कापडावर बोटं टेकवली. मग म्हणाला, "म्हणजे समोर नाचणाऱ्यांना..."

"हो."

"सगळी वर्षं?"

"एकतीस."

ताईने हा क्षण कित्येक वर्षं मनात रंगवला होता, आणि त्यात ती नेहमी हसत असायची. प्रत्यक्षात तिने पाणी आणून दिलं. दादा अ‍ॅम्प न घेता, गिटारही तिथेच ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. वहिनीचा फोन आला की तो डब्यांनासुद्धा हात लावत नाहीये.

शनिवारी सकाळी तो दाराशी उभा. दाढी केलेली. त्याने तिला लाकडाची एक पाचर करून द्यायला सांगितली. अ‍ॅम्पच्या पुढच्या पट्टीखाली सारायची, म्हणजे त्याचं तोंड वर होईल आणि आवाज सरळ त्याच्या कानात येईल. "मला ऐकू येऊ दे," म्हणाला. "मग मी ती सुई काढतो. एवढी वर्षं लोकांनी सोसलं. आता निदान बरं ऐकू दे त्यांना." ताईने पाचर कापली, घासून गुळगुळीत केली. दादाबद्दल तिला आदर वाटला, आणि हा प्रकार इतका नवा होता की तिने चहाही दिला.

तिसरा रविवार. ताई हॉलमध्ये बँडच्या अगदी समोर खुर्ची घेऊन बसली. दादाने पाचर सारली, अ‍ॅम्पने मान वर केली. एक सूर वाजवून दादाने डोळे घट्ट मिटले, मग वाकून ट्रेबलचं बटण खाली आणलं. अजून खाली. आता समोर, ताईच्या खुर्चीपर्यंत, तो आवाज आला जो त्याने आयुष्यभर एकट्याने ऐकला होता. गोल, मऊ. खरं सांगायचं तर सुंदर.

दुसऱ्याच गाण्यात जोडपी एकमेकांवर आपटू लागली.

आधी एक, मग तीन. एका गृहस्थांनी बायकोला डावीकडे फिरवलं तेव्हा बाकीचे सगळे उजवीकडे वळले होते. कुणाचा तरी पाय तुडवला गेला. ताईला कळायला वेळ लागला नाही. यांच्यातल्या निम्म्यांना धड ऐकू येत नव्हतं. सॅक्सोफोन, पियानो हे त्यांच्यासाठी दूरच्या खोलीतलं बोलणं. एकतीस वर्षं ही माणसं नाचत होती ती त्या सुईवर. ती टोचली की पाऊल पडायचं.

मॅनेजर भिंतीच्या कडेने आला आणि दादाच्या कानाशी वाकला. पुढे बसलेल्या ताईला सगळं ऐकू गेलं. गिटार कुठे गेली, असं तो विचारत होता. आजी-आजोबा पडतील. आधी कशी खणखणीत वाजायची, तशी वाजवता येत नसेल तर पुढच्या रविवारी त्या मुलाला बोलावतो.

दादाने बटण फिरवलं. जुन्या जागी. सुई परत आली, आणि या वेळी पाचरीवरून थेट त्याच्या तोंडावर. त्याने एक गाणं वाजवलं, कडू औषध घेणाऱ्याचा चेहरा करून. समोर जोडपी रांगेला लागली, गिरक्या जुळल्या. त्याने दुसरंही वाजवलं. घाम कानशिलांवरून ओघळत होता, आणि प्रत्येक सुराला त्याची मान पाव इंच मागे जात होती. आपलाच आवाज असा समोरासमोर भेटणं त्याला सहन होत नव्हतं.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर, एकही सूर न चुकवता, दादाने डावा बूट पुढे केला आणि पाचर लाथेने उडवली. अ‍ॅम्प धप्पकन सपाट बसला, तोंड पुन्हा गुडघ्यांकडे.

त्याचे डोळे अर्धे मिटले, ओठ पुढे आले. आता तो लोणी ऐकत होता आणि लोक सुईवर नाचत होते, आणि दोघांचीही काही तक्रार नव्हती. मॅनेजरने लांबून अंगठा वर करून पसंती कळवली. मधल्या सुट्टीत दादा ड्रमवाल्याला सांगत होता की शेवटी कान लागतो. सात अ‍ॅम्प नाकारले तेव्हा कुठे हा सापडला. बारकी बिचारी मीटर घेऊन बसली होती, पण मीटरला काय कळतं.

ताई उठली. आपली खुर्ची उचलून तिने झोताच्या बाहेर, मागच्या दाराशी, भिंतीला टेकवून ठेवली आणि सहा वाजेपर्यंत तिथे बसून राहिली.